हंस एकटा खात नाही

२८ सप्टेंबर

कोल्ह्यानं आमच्या हंसिणीला, पन्नाला नेलं. कुंपणाखालून उकरून आत शिरला. कलकलाट ऐकून मी अनवाणी धावले, पण अंगणात नुसती पांढरी पिसं आणि त्यांच्या मधोमध बिरो, पंख पसरून उभा. त्याच्या मानेवर रक्त होतं. त्याचं की पन्नाचं, ते कळेना. मी धुवायला गेले तर त्यानं माझ्या मनगटाला चावा घेतला. मीही चावले असते.

बिरो म्हणजे न्यायाधीश. हे नाव माझ्या नवऱ्यानं, अम्ब्रुशनं ठेवलं होतं. कुणी फाटकातून आत आलं की आमचा हा हंस मान उंच करायचा, माणसाला नखशिखांत न्याहाळायचा आणि मग निकाल सुनवायचा. पोस्टमन दर वेळी दोषी. पन्ना मागे उभी राहून त्याच्या प्रत्येक निकालाला दुजोरा द्यायची. एप्रिलात अम्ब्रुश गेला, तेव्हापासून या घरात मी, सासूबाई आणि ही जोडी एवढेच होतो.

ही डायरी अम्ब्रुशचीच. धान्यकेंद्रातून त्याला दर वर्षी फुकट मिळायची. एप्रिलपर्यंत तीत त्याच्या अक्षरातला पाऊस आणि पेरणी आहे. पुढची कोरी पानं वाया कशाला घालवायची, म्हणून लिहितेय.

१ ऑक्टोबर

बिरो खात नाही. मका घातला, भिजवलेला पाव घातला, कोबीची कोवळी पानं घातली. ढुंकून बघत नाही. कुंपणाखालचं ते भोक मी दगडांनी बुजवलंय, तिथंच तो उभा राहतो, एक हाक मारतो आणि मान तिरकी करून उत्तराची वाट बघतो. मग पुन्हा हाक. एप्रिलात मीही फाटक वाजलं की अशीच कान टवकारायचे, पण ते वेगळं. मी माणूस आहे, मला स्वतःची समजूत घालता येते.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “मार्टिनच्या सणापर्यंत बघू. तोवर यानं दाणा उचलला नाही तर मी चाकूला धार लावते. जनावराला असं उभ्या उभ्या वाळू देणं पाप आहे.”

नोव्हेंबरातल्या त्या सणाला इथं घरोघरी हंस शिजतो. मी सांगितलं, मी जिवंत असेपर्यंत हा हंस पातेल्यात जाणार नाही.

“तुझ्या जिवंत असण्याचं मला नको सांगूस,” त्या म्हणाल्या. “आरशात बघ जरा स्वतःला.”

मग त्यांचं त्यांनाच आठवलं आणि त्या चुलीकडे वळल्या. घरात आरसा एकच, पुढच्या खोलीतला, आणि त्याच्यावर अजून काळी शाल आहे. माणूस गेलं की आरसा झाकतात आणि पुरून आलं की उघडतात. आम्ही पुरून आलो आणि तो राहिला. शाल सासूबाईंनी घातली होती, तेव्हा काढायचीही त्यांनीच, असं मला वाटतं. त्यांना बहुधा वाटत असावं की बायकोनं काढावी. मी हाताच्या अंदाजानं वेणी घालते, काही अडत नाही.

बिरोला मी जगवणार आहे. हे इथं लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

४ ऑक्टोबर

सासूबाईंनी आज एक नवीनच शास्त्र काढलं. दुपारी माझ्या हातात घेवड्याच्या सूपचा वाडगा दिला, त्यात धुरी दिलेल्या मांसाचा हा एवढा तुकडा, आणि म्हणाल्या, “गोठ्यात जा आणि त्याच्यासमोर बसून खा.”

मी म्हटलं, मला भूक नाही.

“तुला कोण विचारतंय? हंस एकटा खात नाही. त्याच्यासमोर कुणीतरी खावं लागतं, तेही पोटभर. नुसतं चमचा हलवून चालत नाही, त्याला कळतं. माझी आई असंच करायची.”

त्यांच्या आईकडे हंस होते हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. त्या तर गिरणीवाल्याची मुलगी. पण बुडत्याला काडीचा आधार. गाय विकल्यापासून गोठ्यात हंसच झोपतात; तिथं दूध काढायचं जुनं स्टूल आहे, त्यावर बसले आणि गिळलं एकदाचं. बिरोनं सगळा वेळ माझ्याकडे पाठ केली होती. शेवटचा घास घेताना मात्र त्यानं मान वळवली आणि मक्याचे दाणे उचलले. दोन की तीन, नक्की दिसलं नाही. पण उचलले.

९ ऑक्टोबर

म्हातारीच्या शास्त्रात तथ्य आहे. आज लाल तिखटाचे बटाटे होते, काल आलूबुखार भरलेले गोळे, परवा खसखस-साखरेच्या शेवया. मी जितकं खाते तितकाच बिरो हलतो. परवा मी अर्ध्यात वाडगा खाली ठेवला तर त्यानंही चोच मिटली.

एकच वैताग आहे. मी परत आले की सासूबाई दारातच विचारतात, “किती उरलं?” आणि माझ्या हातातला वाडगा घेऊन त्यात डोकावतात. मी रोज सांगते, आई, त्याचं भांडं गोठ्यात आहे, हे माझं आहे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वय झालंय. दोन भांड्यांतला फरक कळत नाही.

१४ ऑक्टोबर

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. तरुण मुलगी आहे, पण हसली नाही, एवढं बरं. म्हणाली, हंसांत जोडीदार गेला की असं होतंच, काही तर मरतातही. दुसरी मादी मिळेपर्यंत त्याच्यासमोर मोठा आरसा ठेवा, त्याला सोबत वाटेल.

फोन ठेवल्यावर मी पुढच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले. मग स्वयंपाकघरात जाऊन एका दमात सांगून टाकलं की मला पुढच्या खोलीतला आरसा गोठ्यात न्यायचाय. मला वाटलं आता भांडण होणार. होऊ दे, मी तयारी केली होती. आरसा कुणाच्या मालकीचा, शाल कुणी घातली, सगळी उत्तरं पाठ होती.

सासूबाईंनी कणकेचे हात धुतले आणि पुढच्या खोलीत गेल्या. शाल काढली, चार घड्या घातल्या आणि छातीशी धरून उभ्या राहिल्या. आरशाकडे त्यांनी बघितलं नाही.

“एक बाजू मी धरते,” एवढंच म्हणाल्या. “तुला एकटीला उचलवणार नाही, तुझ्या हातांत राहिलंय काय.”

आम्ही दोघी आडव्या पावलांनी तो अंगणातून घेऊन गेलो. शेजारीण कुंपणावरून बघत होती. उद्या गावभर होईल की अम्ब्रुशच्या बायकोचं डोकं फिरलं आणि सासूनं त्याला हातभार लावला. आरसा गोठ्याच्या भिंतीला टेकवून मी सरळ झाले तेव्हा आत दाराशी कुणी हडकुळी बाई उभी दिसली. कोण आलंय म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. डोक्याचा रुमाल माझाच होता.

आरशात माणूस तसंही बारीकच दिसतं. काच जुनी आहे.

१५ ऑक्टोबर

बिरो काल संध्याकाळपासून आरशासमोर बसलाय. आतल्या हंसाला मान खाली घालून नमस्कार केला, पिसं नीट केली आणि मग दोघंही जेवले. मी शेवयांचा वाडगा चाटूनपुसून साफ केला. फार दिवसांनी मला रडू आलं. आनंदानंच आलं असणार.

२२ ऑक्टोबर

फार लवकर आनंदले. बिरो आता आरशाच्या मागे जाऊन बघतो. तिथं भिंत. पुन्हा पुढे येतो, तो आत उभा असतो. पुन्हा मागे जातो. आज त्यानं काचेवर चोच मारली आणि हाक घातली, तीच ती कुंपणापाशी घालायचा ती. दाणा अर्धा उरला. मीही अर्धं टाकलं, तर सासूबाईंनी वाडग्यात बघून तोंड वाकडं केलं.

आरसा ही सोबत नव्हे. जिवंत हंसीण आणायची, दुसरा उपाय नाही. केलेमेनला निरोप धाडलाय. तो अम्ब्रुशचा चुलतभाऊ, पलीकडच्या गावात हंसांचा व्यापार करतो. बाजारात त्याची बायको भेटली, तिला पाठ करून घ्यायला लावलं: एक हंसीण हवी, तब्येतीनं चांगली, फार कोवळी नको, मार्टिनच्या आधी पोचली पाहिजे.

२६ ऑक्टोबर

केलेमेन आला. टोपी काढून, छाती फुगवून दारात उभा, आणि हातात टोपली, वर इस्त्रीचा पांढरा रुमाल. मी रुमाल उचलला. आत हंसीण होती. सोललेली, साफ केलेली, पाय बांधलेली, शेजारी कोबीच्या पानात तिचं काळीज.

“सगळ्या कळपातली बघून काढली, वहिनी,” तो म्हणाला. “अम्ब्रुश नाही म्हणून यंदा मार्टिनला तुमचं ताट रिकामं राहील असं वाटलं काय तुम्हाला?”

मी रुमाल परत टोपलीवर घातला. मार्टिनच्या आधी हंसीण पाठव म्हटल्यावर या मुलखात दुसरं कोण काय समजणार? चूक त्याची नव्हतीच. मी त्याला गोठ्यात नेलं, बिरो दाखवला, आरसा दाखवला, सगळं सांगितलं. गडी मोठा, पण हळवा. टोपी चुरगाळत खाली बसला. बिरोनं त्याला न्याहाळलं आणि फुत्कारला. कितीतरी दिवसांनी त्यानं निकाल दिला, आणि अगदी बरोबर दिला.

सासूबाईंना टोपली दिसल्याबरोबर चेहरा उजळला. मांस त्यांनी चरबीत मंद शिजवून मातीच्या भांड्यात बुडवून ठेवलंय, सणापर्यंत टिकेल. मार्टिनला जो हंस खात नाही तो वर्षभर उपाशी राहतो, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. मी म्हटलं, ठीक आहे, मग आता सणाचा हंस घरात आला, बिरोला हात लावायचं कारण उरलं नाही. तर म्हणतात, “तो खाईल तर राहील. बोलले ते बोलले.”

हट्टीपणात या बाईचा हात कुणी धरणार नाही. अम्ब्रुश कुणावर गेला होता ते कळतं.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. पांढरी शेवंती घेऊन दोघी कबरीवर गेलो, मेणबत्त्या लावल्या. वारा होता, सासूबाईंची मेणबत्ती सारखी विझत होती. शेवटी मी माझा हात आडवा धरला आणि त्यांनी पेटवली. आईच्या हातानं मुलाच्या कबरीवर मेणबत्ती लागते, हे देवानं का ठरवलं ते मला कळत नाही. आम्ही दोघीही रडलो नाही. परत येताना मी बिरोचाच विचार करत होते, तो एकटा होता म्हणून.

४ नोव्हेंबर

केलेमेनचा ट्रॅक्टर आला. या वेळी टोपली हलत होती.

तिचं नाव गिझी. म्हातारी आहे, एका पायानं लंगडते, चोचीला चीर गेलेली. केलेमेनच्या आईनं तिला पिसांसाठी ठेवलं होतं. “हिला कुणी खाणार नाही वहिनी, त्याची काळजी नको,” तो म्हणाला. “हिनं घरातल्या दोन कुत्र्यांना सरळ केलंय.” बदल्यात काहीच घेईना. मी बळंच कोबीचं पोतं ट्रॅक्टरवर चढवलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आधी मध्ये जाळी बांधा, बघू द्या एकमेकांना. केलेमेन म्हणाला, ही पुस्तकातली खुळं, अंधार पडताना एकत्र सोडा, सकाळी जोडी तयार. त्याचं आयुष्य हंसांत गेलंय म्हणून मी त्याचं ऐकलं.

५ नोव्हेंबर

रात्रीत बिरोनं तिच्या पंखाची पिसं उपटली. ती कोपऱ्यात आरशामागे दडली होती आणि हा आरशासमोर पहारा देत होता. मी मध्ये पडले तर दोघांनीही मला मारलं. केलेमेनच्या आयुष्याचं काय सांगू, त्यानं हंस मारण्यातच घालवलंय.

सकाळी जाळी ठोकली. हाताला खिळा लागला. बिरोनं दिवसभर दाणा घेतला नाही.

८ नोव्हेंबर

आज चौथा दिवस. काही नाही. त्याचं छातीचं हाड हाताला लागतंय. माझ्यासमोरचा वाडगाही तसाच राहिला, घशाखाली उतरेना. मला वाटतं, मीच त्याला मारतेय. त्याला त्याच्या पन्नाबरोबर जायचं होतं आणि मी हट्टानं त्याला इथं धरून ठेवलंय. कुणाच्या सांगण्यावरून? त्यानं मला सांगितलं होतं का की मला जगव?

घरात आले तर सासूबाई दगडावर चाकूला धार लावत होत्या. माझ्या अंगातून जाळ गेला. म्हटलं, “आई, त्याला हात लावायचा असेल तर आधी मला बाजूला करावं लागेल.”

त्या थांबल्या नाहीत. “कोबी चिरायचाय,” म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या भरलेल्या वाडग्याकडे बघितलं, आणि त्यांचा हात थांबला. त्यांचे डोळे मी असे कधी बघितले नव्हते. “पोरी,” त्या म्हणाल्या, “मी एकाला पुरलंय. आणखी एकाला नाही पुरायचंय मला.”

हंसांवर त्यांचा इतका जीव असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि शब्द दिला की मी त्याला मरू देणार नाही. त्यांनी सूप पुन्हा गरम केलं. मी गोठ्यात परत गेले आणि बिरोच्या समोर बसून सगळंच्या सगळं संपवलं, रडत रडत, अगदी तळापर्यंत. मग उठून आरसा उलटा करून भिंतीकडे फिरवला. त्या काचेतल्या खोट्या हंसापायी हा खऱ्या हंसिणीकडे बघत नव्हता. आता हाक मारायची तर जाळीकडे मार, म्हटलं. दुसरीकडे कुणी नाही.

९ नोव्हेंबर

गिझी खाते. तिला दुसरं कामच नाही. जाळीपाशी पसरून बसते आणि मचमच मचमच, चिरलेल्या चोचीतून अर्धं सांडत. बिरोकडे बघतसुद्धा नाही. हा आधी फुत्कारला, मग चिडून जाळीपर्यंत गेला, मान उंच करून निकाल सुनावला. ती खातच राहिली. या गावात त्याच्या निकालाला न घाबरणारा हा पहिलाच प्राणी.

मग तो जाळीच्या अलीकडे उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्या चोचीतला एक दाणा जाळीतून या बाजूला पडला. त्यानं तो उचलला.

मी स्टुलावर श्वास रोखून बसले होते, मांडीवर पाव, त्याला हंसाची चरबी आणि वर कांदा. आपोआप सगळा खाऊन झाला.

१० नोव्हेंबर

सकाळी गेले तर दोघं जाळीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसलेले. त्याची पिसं जाळीतून तिच्या पिसांत गेली होती. मी खिळे काढले. जाळी ओढली तशी गिझी लंगडत आत आली आणि सरळ त्याच्या भांड्यात तोंड घातलं. मी काठी घेऊन तयार.

बिरोनं मान जमिनीसरसी केली, लांब केली आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. निकाल नव्हता तो. मग त्यानंही त्याच भांड्यात चोच घातली. दोघांनी मका तळापर्यंत संपवला. मी गोठ्याच्या दारातून ओरडून सासूबाईंना सांगितलं, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्यानं.

त्या पायरीवर येऊन म्हणाल्या, “आणि तुझा वाडगा?”

म्हटलं, आई, आता माझ्या वाडग्याचं काय काम? त्याला खायला सोबत मिळाली. त्या वळून आत गेल्या. मला वाटलं होतं त्या खूश होतील.

११ नोव्हेंबर, मार्टिनचा सण

दोघं सकाळी तळ्याकडे गेले. तो पुढे, ती मागे लंगडत. वळणापाशी तो थांबला, ती पोचेपर्यंत. पन्नासाठी तो कधी थांबत नव्हता, पन्नाला गरज नव्हती. पन्नाची जागा कुणी घेतलेली नाही, हे मला दिसलं. बाजूला दुसरी एक जागा झालीय.

आरसा आम्ही परत आणून पुढच्या खोलीत टांगला. सासूबाईंनी काचेवरची हंसाची घाण पुसली, काळी शाल पेटीत तळाशी ठेवली आणि पेटी लावून घेतली. मी आरशात बघून वेणी घातली. काच सुधारलीय की काय कोण जाणे, त्या दिवशीपेक्षा बरी दिसले.

दुपारी सासूबाईंनी मातीच्या भांड्यातला हंस परतला. लाल कोबी, नवीन वाइन. मी म्हटलं, मी नंतर उभ्या उभ्या दोन घास खाईन, मला गोठा झाडायचाय. उन्हाळ्यात तशीच खायचे. त्यांनी ऐकलंच नाही. टेबलावर दोन ताटं मांडली, एक अम्ब्रुशच्या खुर्चीसमोर. ती खुर्ची एप्रिलपासून भिंतीला लावलेली होती. “बस,” म्हणाल्या. मी बसले.

त्यांनी वाढलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. चमचा उचलेनात.

मी म्हटलं, “आई, खा ना. निवतंय.”

“हंस एकटा खात नाही,” त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी वाडगा घेऊन गोठ्यात, आणि ही म्हातारी इथं स्वयंपाकघरात एकटी. मी तिला एकदा तरी खाताना बघितलं होतं का? आठवेना. तिची मनगटं बघितली, काड्या झाल्यात. रोज एवढं रांधायची आणि स्वतः बहुधा उपाशी राहायची, आणि मी आपली हंसाच्या मागे. माणसानं इतकं आंधळं असू नये.

छातीचं हाड त्यांनी माझ्या ताटात ठेवलं. त्यावरून अम्ब्रुश हिवाळा वाचायचा. मी धुऊन उजेडात धरलं. पांढरंशुभ्र होतं, म्हणजे हिवाळा लांबणार, बर्फ भरपूर. मी तसं सांगितलं. “चालेल,” त्या म्हणाल्या, “दोघींपुरतं सरपण आहे.”

उद्यापासून रोज दोन्ही वेळा त्यांच्यासमोर बसून जेवायचं, असं मी ठरवलंय. हट्टी बाई आहे, नुसतं सांगून खाणार नाही. आज त्यांनी चार घास जास्त खावेत म्हणून मी दोनदा वाढून घेतलं.